गागोदे ते रोहे : तत्त्वज्ञानाचे पहिले पुस्तक निवडताना

'तत्त्वज्ञानाचे एखादे सोपे पुस्तक सुचवा,' ही विनंती तालुक्याच्या गावातील ग्रंथपालाला आणि महाविद्यालयातील प्राध्यापकाला नेहमीच ऐकावी लागते. विचारणारे निरनिराळे असतात. कला शाखेच्या पहिल्या वर्षाला हा विषय घेऊन गोंधळलेली विद्यार्थिनी असते. निवृत्तीनंतर 'आता जरा मुळापासून वाचावे' असे ठरविलेले गृहस्थ असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणल्यानंतर स्पर्धा परीक्षांचे उमेदवारही त्यांत मिसळले आहेत. उत्तर देणारा बहुधा आपण स्वतः पहिल्यांदा जे वाचले त्याचेच नाव सांगतो. पुस्तक घरी जाते, चाळीस पाने वाचून होतात आणि मुदत संपताच ते निमूटपणे परत येते. दुसरे पुस्तक मागायला तो वाचक सहसा येत नाही. हा विषय आपल्या बुद्धीच्या आवाक्यातला नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. खरे पाहता त्याच्या हाती त्याचे पुस्तक पडलेलेच नसते.

या प्रश्नाचा विचार रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपासून सुरू करणे सोयीचे आहे. पेण म्हटले की गणपतीचे कारखाने आठवतात आणि रोहे म्हटले की कुंडलिकेचा काठ व धावीर महाराजांचा उत्सव. परंतु याच टापूत तत्त्वज्ञान सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेणारे दोन पुरुष जन्मले. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे आचार्य विनोबा, आणि रोहे येथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 'मेघदूता'चे मराठी भाषांतरकार चिंतामणराव देशमुख यांचेही बालपण रोह्याशी जोडलेले आहे, पण तो विषय वेगळा.) दोघांच्या वाटा भिन्न होत्या, अनुयायी भिन्न होते. तरीही एक गोष्ट समान दिसते. दोघांनीही नवख्या माणसाला तत्त्वज्ञान शिकविले ते मुख्यतः बोलून, लिहून नव्हे.

विनोबांच्या बाबतीत तर 'पहिले पुस्तक कोणते द्यावे' हा प्रश्न घरातच उभा राहिला होता. हा प्रसंग महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे, पण तो सांगितला जातो मातृभक्तीची कथा म्हणून. ग्रंथनिवडीची कथा म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कुटुंब बडोद्यास असताना विनोबांच्या आई रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनाला जात. संस्कृत कळत नाही, मराठीतली गीता आणून दे, असे त्यांनी मुलाला सांगितले. मुलाने गद्य भाषांतर आणून दिले. त्यात त्यांचे मन रमेना. पद्य हवे होते. मग वामनपंडितांची समश्लोकी आली. तीही कठीण वाटली. अखेर, तूच का नाही करीत, असे आईने सुचविले. आई १९१८ साली गेल्या आणि 'गीताई' रचली गेली १९३०-३१ मध्ये. ज्या वाचकासाठी पुस्तक हवे होते तो वाचक ते तयार होण्यापूर्वी बारा वर्षे निघून गेला होता.

या प्रसंगात आईंनी दोन पुस्तके नाकारली, त्याची कारणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. गद्य भाषांतरात अर्थ होता, पण तोंडी म्हणण्याची सवय असलेल्या बाईला ते परके वाटले. वामनपंडितांची रचना पद्य होती, पण मराठी म्हणावे इतकी मराठी नव्हती. मूळ ग्रंथाशी इमानदार असणे आणि नवख्याला कळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची कसोटी फक्त तो नवखाच घेऊ शकतो. जाणत्याला सोपे वाटणारे पुस्तक बहुधा त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींमुळे सोपे वाटत असते. म्हणून शिफारस ऐकताना ती कोण करतो याहून ती कोणासाठी केली होती, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

'गीताई'नंतर लगेच विनोबांच्या हातून, खरे म्हणजे मुखातून, मराठीतील बहुधा सर्वाधिक वाचले गेलेले प्रवेशिकावजा पुस्तक बाहेर पडले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली. सोबतच्या कैद्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती लिहून घेतली. तेच 'गीता प्रवचने' हे पुस्तक. गुरुजी स्वतः या विषयात अगदीच नवखे नव्हते. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते काही काळ अभ्यासासाठी होते. बोलणारा पंडित, ऐकणारे सत्याग्रही आणि लिहिणारा गोष्टीवेल्हाळ, असा योग क्वचितच जुळतो. पुस्तकाचा ओघ आणि त्यातील घरगुती दृष्टांत यांचे रहस्य या योगात आहे. समोर बसलेल्या श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही; म्हणून वक्त्याला तीच गोष्ट पुन्हा वेगळ्या दृष्टांताने सांगावी लागते. नवख्या वाचकाला नेमकी हीच पुनरुक्ती हवी असते.

परंतु या पुस्तकाची ताकद आणि मर्यादा पहिल्याच अध्यायात एकत्र दिसतात. अर्जुन युद्ध नाकारतो ते अहिंसेमुळे नव्हे, स्वजनांच्या मोहामुळे, हे पटविण्यासाठी विनोबा एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या या न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि मग न्यायाधीशाला फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे एकाएकी उमगते. दृष्टांत अचूक आहे. श्रोता हसतो, चपापतो आणि अर्जुनाचे मन त्याला क्षणात कळते. आता येथे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हात वर केला तर? न्यायाधीशाचा हेतू स्वार्थी होता, हे मान्य. पण फाशीविरुद्ध त्याने मांडलेला युक्तिवाद तेवढ्यानेच खोटा ठरतो काय? एखादे मत कोणत्या हेतूने मांडले गेले आणि ते मत खरे आहे की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मोहापोटी बोललेले वाक्यही खरे असू शकते. विनोबांना तेथे फाशीची चर्चा करायची नव्हती. त्यांना मोहाचे स्वरूप दाखवायचे होते आणि ते त्यांनी दाखविले. मात्र वाचक केवळ मान डोलावून पुढे गेला, तर त्याने प्रवचन ऐकले एवढेच म्हणता येईल. तो या जागी थांबला, तर त्याचे तत्त्वज्ञान सुरू झाले.

तेव्हा 'गीता प्रवचने' हे पहिले पुस्तक म्हणून घ्यावे की नाही, याचे उत्तर घेणाऱ्यावर अवलंबून आहे. आपण कसे जगावे, मन कसे आवरावे, कर्म करताना चित्त कोठे ठेवावे, अशी ज्याची तळमळ आहे त्याने ते निःशंकपणे घ्यावे. याहून प्रेमळ पुस्तक मराठीत मिळणे कठीण. ज्याला युक्तिवाद कसा करतात, प्रतिपक्षाचे म्हणणे कसे तोलतात, हे शिकायचे आहे त्याला ते अपुरे पडेल. कारण तेथे श्रद्धा गृहीत आहे आणि प्रतिपक्ष फारसा बोलत नाही. पांडुरंगशास्त्रींच्या प्रवचनांबाबतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येते. त्यांचे वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली मुंबईच्या माधवबागेत सुरू केलेल्या श्रीमद्‌भगवद्‌गीता पाठशाळेतून शास्त्रीजींनी पिढ्या घडविल्या. ते स्वतः मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे पाश्चात्य ग्रंथ वाचत बसत. श्रोत्यांपर्यंत आला तो त्या वाचनाचा निष्कर्ष. निष्कर्षापर्यंत जाणारी वाट ज्याला स्वतः चालून पाहायची आहे, त्याला शेवटी ग्रंथालयाची पायरी चढावीच लागते.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. मराठीत 'तत्त्वज्ञान' हा शब्द अध्यात्म, धर्मोपदेश, जीवनविषयक सुविचार आणि विद्यापीठीय फिलॉसॉफी या सर्वांसाठी सरसकट वापरला जातो. सार्वजनिक वाचनालयांत 'धर्म, अध्यात्म, तत्त्वज्ञान' असे एकच कपाट पुष्कळदा दिसते. ड्यूई दशांश पद्धतीत तत्त्वज्ञानाला १०० आणि धर्माला २०० असे वेगळे शतक दिलेले असले, तरी कपाटावर ही सीमा टिकत नाही. त्यामुळे प्लेटोच्या शेजारी यशाचे मंत्र सांगणारे पुस्तक उभे असते, आणि नवखा वाचक पातळ पाहून तेच उचलतो.

वास्तविक, पुस्तक कोणासाठी आहे हे आरंभीच सांगण्याची फार जुनी शिस्त आपल्याकडे होती. शास्त्रग्रंथाच्या प्रारंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात, असा संकेत होता: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणत. वाचायला पात्र कोण, ग्रंथात काय आहे, ग्रंथाचा त्या विषयाशी संबंध काय आणि वाचून काय मिळणार, हे आधी सांगून मगच पुढे जायचे. सदानंदांचा 'वेदान्तसार' ही वेदान्ताची प्रवेशिका या चार गोष्टींच्या खुलाशानेच सुरू होते. आजच्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर छापलेल्या स्तुतीपेक्षा ही पद्धत किती तरी प्रामाणिक होती.

त्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध बालबोध पुस्तक म्हणजे सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह'. बालांना सहज बोध व्हावा म्हणून तो लिहिल्याचे अन्नंभट्ट आरंभीच सांगतात. हे ऐकून कोणी तो आठ वर्षांच्या नातवाला द्यायला जाईल, म्हणून टीकाकारांनी 'बाल' शब्दाचा मार्मिक खुलासा केला आहे. बाल म्हणजे अंगावर पिणारे मूल नव्हे. ज्याच्या ठायी ग्रहण आणि धारण करण्याची पटुता आहे, ज्याने व्याकरण-काव्य वगैरे वाचले आहे पण न्यायशास्त्र मात्र वाचलेले नाही, तो येथे बाल. नवखेपणाची याहून नेमकी व्याख्या आजही करता येणार नाही. नवखा वाचक बुद्धीने लहान नसतो, तो फक्त त्या शास्त्रात नवा असतो. त्याच्याशी बोबडे बोलणारी पुस्तके आणि त्याला सर्व काही ठाऊक आहे असे धरून चालणारी पुस्तके, दोन्ही त्याला सारखीच निरुपयोगी. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली आणि महादेव राजाराम बोडस यांचा सहभाग असलेली 'तर्कसंग्रहा'ची मुंबई संस्कृत मालेतील आवृत्ती १८९७ ची आहे. इंग्रजी टिपांच्या आधाराने मूळ ग्रंथ वाचू इच्छिणाऱ्याला तिचा अजूनही आधार वाटतो. मात्र शिक्षकाशिवाय 'तर्कसंग्रह' हाती घेऊ नये. तो पाठ करून मग समजावून घेण्यासाठी रचलेला आहे.

रायगडकरांना याचे घरचे उदाहरण हवे असेल तर ते 'दासबोधा'त आहे. समर्थांनी हा ग्रंथ सांगितला, असे परंपरा मानते, ती शिवथरघळ याच जिल्ह्याच्या महाड तालुक्यात आहे. रेवदंड्याहून पसरलेल्या श्रवणबैठकांमुळे हा ग्रंथ इथल्या गावोगावी पोचला आहे. पहिल्या दशकाचा पहिला समास म्हणजे श्रोत्याच्या शंकांना दिलेले उत्तर आहे: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, ऐकून काय लाभ. वीस दशक आणि दोनशे समासांचा पसारा पाहून दबणाऱ्याने दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांपासून आरंभ करायला हरकत नाही. स्वतःला त्यात ओळखता आले की पुढे वाचण्याची उमेद येते.

नवख्याची खरी अडचण विचारांहून अधिक शब्दांची असते, हे फार थोडे लेखक जाणतात. 'पदार्थ' हा शब्द घ्या. स्वयंपाकघरात तो पानात वाढतात. वैशेषिकांच्या शास्त्रात तो म्हणजे जे जे अस्तित्वात आहे त्याचा मूलभूत प्रकार. असे सात प्रकार 'तर्कसंग्रहा'त मोजले आहेत. 'द्रव्य' म्हणजे व्यवहारात पैसा. शास्त्रात द्रव्ये नऊ आणि त्यांत काळ, दिशा आणि आत्माही येतो. 'प्रत्यय' व्याकरणात शब्दाला लागतो, 'दासबोधा'त अनुभव म्हणून येतो आणि आधुनिक तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत कल्पना या अर्थाने भेटतो. सर्वांत मोठा घोटाळा 'मन' या शब्दाचा. इंग्रजी माइंडचे भाषांतर म्हणून तो सर्रास वापरतात. पण सांख्यांच्या मांडणीत मन हे बुद्धी आणि अहंकार यांच्याहून वेगळे, अंतःकरणाचे एक अंग आहे. देकार्तचे मन आणि सांख्यांचे मन एकच समजून वाचणारा दहाव्या पानावर अडखळतो आणि दोष स्वतःला देतो. म्हणून पुस्तक चाळताना एक साधी परीक्षा करावी. मधलेच एखादे पान उघडावे, त्यावरील पारिभाषिक शब्द हेरावा आणि तो पुस्तकात प्रथम कोठे आला ते शोधावे. तेथे त्याचा अर्थ उदाहरणासह सांगितलेला नसेल, तर पुस्तक विद्वानांसाठी लिहिलेले आहे असे समजून परत ठेवावे.

पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या प्रवेशिका ढोबळमानाने दोन वळणांच्या असतात. एक इतिहासाच्या वाटेने जाणारी, दुसरी प्रश्नांच्या. विल ड्युरांटचे 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' (१९२६) पहिल्या वळणाचे. स्वस्त पुस्तिकांच्या मालेतून वाढलेले हे पुस्तक विलक्षण रसाळ आहे. परंतु वाचून संपल्यावर ध्यानात राहतात ती तत्त्वज्ञांची चरित्रे. स्पिनोझा भिंगे घासून पोट भरत असे हे आठवते, त्याचा युक्तिवाद आठवत नाही. शिवाय भारत आणि चीन यांना त्यात स्थान नाही. यॉस्टेन गार्डर या नॉर्वेजियन लेखकाची 'सोफीज वर्ल्ड' (१९९१) ही कादंबरी शाळकरी मुलीच्या निमित्ताने हाच इतिहास सांगते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ती द्यावी. मोठ्यांना तिच्यातील कथेचा भाग कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे.

दुसऱ्या वळणाचा आदर्श म्हणजे बर्ट्रांड रसेलचे 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' (१९१२). पंधरा छोट्या प्रकरणांचे हे पुस्तक एका टेबलापासून सुरू होते. टेबलाचा रंग प्रकाशाप्रमाणे आणि पाहण्याच्या जागेप्रमाणे बदलतो. मग त्याचा खरा रंग कोणता? पेणच्या कारखान्यात मूर्ती रंगविणाऱ्या कारागिराला हा प्रश्न परका वाटणार नाही. ट्यूबलाइटखाली दिलेला शेंदरी रंग अंगणातील उन्हात वेगळा दिसतो आणि मांडवातील रोषणाईत आणखी वेगळा. तो अनुभवाने अंदाज बांधून रंग मिसळतो. रसेल त्याच अनुभवाला विचारतो की यांतला कोणता रंग मूर्तीचा स्वतःचा, आणि कोणताच नसेल तर मूर्तीविषयी आपल्याला नेमके काय ठाऊक आहे. एवढ्या साध्या जागेवरून ज्ञान म्हणजे काय, या प्रश्नापर्यंत पोचविणारे पुस्तक आजही जुने झालेले नाही. इंग्रजी बेताचे असेल त्याने मात्र टॉमस नेगेलचे 'व्हॉट डज इट ऑल मीन?' (१९८७) आधी वाचावे. नऊ प्रश्न, छोटी पुस्तिका, तत्त्वज्ञांच्या नावांची गर्दी जवळजवळ नाहीच. ज्याला नावांची धास्ती वाटते त्याच्यासाठी ते उत्तम.

भारतीय दर्शनांसाठी इंग्रजीत एस. सी. चटर्जी आणि डी. एम. दत्त यांची प्रवेशिका (१९३९) बहुतेक विद्यापीठांत चालत आली आहे. एम. हिरियण्णा यांचे 'आउटलाइन्स ऑफ इंडियन फिलॉसॉफी' (१९३२) अधिक समृद्ध. पण त्यांनीच पुढे १९४९ साली 'एसेन्शियल्स' नावाचे आटोपशीर पुस्तक लिहिले, नवख्याने ते आधी घ्यावे. राधाकृष्णन यांचे दोन खंड भेट म्हणून पुष्कळ दिले जातात. पहिले पुस्तक म्हणून ते देऊ नयेत.

मराठीत काय आहे, हा पेण-रोह्याच्या वाचकाचा खरा प्रश्न. श्रीनिवास हरि दीक्षित यांचे 'भारतीय तत्त्वज्ञान' महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने त्यात क्रमवार मांडणी आहे, थोडी शुष्कताही आहे. ग. ना. जोशी यांचा 'भारतीय तत्त्वज्ञानाचा बृहद् इतिहास' बारा खंडांचा. त्याच्या नावातच इशारा आहे. दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' (१९७४) सलग वाचण्यासाठी नाही, पण शब्द अडला की उघडण्यासाठी त्याला पर्याय नाही. मे. पुं. रेगे यांचा 'पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास' (१९७४) गंभीर वाचकासाठी. रेग्यांची वाक्ये लांब असतात, पण त्यांत एकही शब्द फुकट गेलेला नसतो. सर्वांत दुर्लक्षित राहिले ते दि. य. देशपांडे यांचे 'युक्तिवादाची उपकरणे'. १९९० साली नागपुरातून विवेकवादी मासिक सुरू करणाऱ्या देशपांड्यांनी तर्कशास्त्र येथे सामान्य वाचकासाठी मांडले आहे. न्यायाधीशाच्या दृष्टांतापाशी जो प्रश्न उभा राहिला, तो स्वतःचा स्वतः विचारता येण्यासाठी असे एक पुस्तक आरंभीच्या वर्षभरात वाचून झाले पाहिजे. देशपांड्यांनी देकार्तच्या चिंतनांचे मराठी भाषांतरही केले आहे. मूळ ग्रंथ (१६४१) लहान आहे, आणि दुय्यम पुस्तकांना कंटाळलेल्याला तो थेट वाचता येतो.

निवड करताना आणखी एक कसोटी लावावी आणि ती आपल्या परंपरेतूनच घ्यावी: पूर्वपक्ष. आपले मत मांडण्याआधी विरोधकाचे मत त्याच्याच तोंडून, पूर्ण जोराने मांडायचे, मग खंडन करायचे, ही शास्त्रकारांची रीत. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' वेदान्त्याने लिहिलेला असून सुरू होतो तो चार्वाकापासून. पुस्तकात चार्वाकाचे प्रकरण उघडून पाहावे. 'खा, प्या, मजा करा म्हणणारा पंथ' असे दोन ओळींत ते उरकले असेल, तर लेखक इतरांनाही न्याय देणार नाही. अनुमानावर विश्वास का ठेवावा, हा चार्वाकांचा अवघड प्रश्न तेथे नीट मांडलेला असेल, तर पुस्तक विश्वासू समजावे. सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांची चार्वाकावरील स्वतंत्र मराठी पुस्तके या संदर्भात पाहण्यासारखी आहेत.

शंका उघडपणे मांडून सुरू होणाऱ्या पुस्तकाचे आणखी एक उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७). ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या जिल्ह्यात हा ग्रंथ घरोघरी आदराने ठेवलेला असतो. आदरापोटी त्याची प्रस्तावना मात्र वगळली जाते. तीत बाबासाहेबांनी चार अडचणी मांडल्या आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला याचे रूढ उत्तर पटते काय, चार आर्यसत्ये मूळ शिकवणीत बसतात काय, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खुसंघाचा हेतू काय. श्रद्धेय विषयाला हात घालताना आधी प्रश्नांची यादी समोर ठेवणारा हा प्रारंभ तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने अभ्यासावा, मग त्याचा धर्म कोणताही असो.

उरला 'गीतारहस्य'. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला लोकमान्य टिळकांचा हा ग्रंथ असंख्य घरांत असतो आणि पुष्कळदा पहिल्या प्रकरणाच्या पुढे उघडला गेलेला नसतो. त्याची जाडी आणि विषयप्रवेशातील टीकाकारांची चर्चा वाचकाला परतवून लावते. पण विनोबांच्या पुस्तकात ज्याला प्रतिपक्ष सापडत नाही, त्याला तो येथे हवा तितका सापडेल. मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या सर्वांशी टिळक मराठीत भांडतात, आणि भांडण्यापूर्वी त्यांचे म्हणणे सांगतात. वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांचीच असेल तर विषयप्रवेश तूर्त सोडून द्यावा आणि दुसऱ्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणापासून आरंभ करावा. खरे बोलल्याने निरपराध्याचा जीव जात असेल तर काय करावे, दुष्काळात भुकेलेल्या विश्वामित्राने निषिद्ध अन्न खाल्ले ते योग्य काय, शेक्सपिअरच्या हॅम्लेटपुढील पेच कोणत्या जातीचा होता, असे कितीएक प्रसंग तेथे ओळीने येतात. त्यानंतर चौथे 'आधिभौतिक सुखवाद' आणि पाचवे 'सुखदुःखविवेक' ही प्रकरणे वाचावीत. तेवढ्यात मुदत संपेल. सांख्यशास्त्राचे सातवे प्रकरण पुढच्या खेपेला, आणि त्या वेळी शेजारी वाडेकरांचा कोश मिळाला नाही तर मराठी विश्वकोशातील नोंदी आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.